पश्चिमेकडची फुली

दुर्बीण दिसली की पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हिच्यातून किती पट मोठे दिसते? भिंग केवढे, आरसा केवढा, किंमत काय, हे प्रश्न मग ओघाने येतात. ती नळी ज्या बैठकीवर बसविलेली असते, त्या बैठकीची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. पालखीकडे सर्वांचे डोळे आणि भोयांकडे कोणाचेच नाहीत, तसा हा प्रकार. आकाश पाहण्याचा छंद ज्यांना जडला आहे त्यांना विचारा. साधे भिंग भक्कम बैठकीवर चालून जाते, पण उत्तम भिंग डगमगत्या बैठकीवर कुचकामी ठरते, असे ते एकमुखाने सांगतील.

याला कारण आपली पृथ्वी. ती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरा पुरा करते. नुसत्या डोळ्यांना ही गती जाणवत नाही. परंतु दीडशे पट मोठे करून एखादा ग्रह पाहू लागावे, तर दीड मिनिटाच्या आत तो दृष्टिक्षेत्राबाहेर निघून जातो. मुलांची रांग लागलेली असावी आणि दर मुलामागे कोणीतरी नळी पुन्हा सरकवीत बसावे, हे किती काळ चालणार? यावरचा उपाय जुना आहे. बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवावा (आमच्या वसईत तो क्षितिजापासून सुमारे १९ अंश वर, ध्रुवताऱ्याच्या रोखाने येतो) आणि पृथ्वी जितकी पूर्वेकडे वळते तितकाच तो पश्चिमेकडे फिरवीत राहावा. अशी बैठक प्रथम योजण्याचे श्रेय क्रिस्टोफ ग्रीनबर्गर या येशूसंघीय धर्मगुरूंना देतात. त्यांचेच संघबंधू फादर शायनर यांनी सूर्यावरील डागांच्या निरीक्षणासाठी ती वापरली, आणि १६३० साली पुऱ्या झालेल्या आपल्या 'रोझा उर्सिना' या ग्रंथात श्रेय ग्रीनबर्गर यांच्याच पदरी घातले. पुढे १८२४ मध्ये फ्राउनहोफर यांनी दोर्पात येथील वेधशाळेसाठी बनविलेल्या दुर्बिणीला खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारे घड्याळ जोडले, आणि माणसाचा हात मोकळा झाला. आज त्या वजनाची जागा विजेच्या मोटारीने घेतली आहे आणि घड्याळाची जागा तळहाताएवढ्या पाटीने.

ती तळहाताएवढी पाटी बिघडली म्हणजे काय होते, आणि त्या बिघाडाचा बोल कोणाला लागतो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या वाडीत विज्ञानाचे एक शिक्षक होते. त्यांना सारे मास्तर म्हणत, आणि तेवढे नाव येथेही पुरे आहे. निवृत्तीनंतर त्यांच्या पुतण्याने आखातातून परतताना एक दुर्बीण आणून दिली, तीही मोटारीच्या बैठकीसह. मास्तरांना वाचनाखेरीज दुसरे व्यसन नव्हते. हे दुसरे जडले. पावसाळा सरला की महिन्यातून एकदोनदा शाळेच्या मैदानावर तिपाई उभी राही. वाडीतील तीन पिढ्यांनी चंद्रावरची विवरे प्रथम तिच्यातून पाहिली. आम्ही तिघे मास्तरांचे विद्यार्थी. एक दूरध्वनी केंद्रात आयुष्य घालवून निवृत्त झालेला, दुसरा दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणारा आणि तिसरा केवळ पेनाचा धनी. तिपाई उचलून नेण्याचे काम बहुधा आमच्याकडे असे.

मग २१ डिसेंबर २०२० ची संध्याकाळ आली. गुरू आणि शनी त्या दिवशी आकाशात एकमेकांच्या इतके निकट येणार होते की, त्यांच्यामधले अंतर चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या भागाएवढेच उरणार होते. दोन्ही ग्रह एकाच वेळी एकाच नजरेत, एकाची कडी आणि दुसऱ्याचे चंद्र! इतके जवळ ते १६२३ नंतर प्रथमच येत होते. १६२३ सालचा योग तर सूर्याच्या तेजात बुडालेला होता. सुखाने पाहता यावा असा योग त्याआधीचा, १२२६ सालचा. पुढचा येणार २०८० मध्ये. आगमनकाळाचे दिवस असल्याने वर्तमानपत्रांनी त्याला 'नाताळचा तारा' करून टाकले होते. केप्लर यांनीही इसवी सनापूर्वी ७ या वर्षी घडलेल्या अशाच तिहेरी योगाचा संबंध बेथलेहेमशी जोडून पाहिला होता. एरवी महामारीने घरात कोंडलेली मंडळी तोंडाला पट्ट्या बांधून, हातभर अंतर राखून मैदानावर आली.

मास्तरांनी प्रथम मंगळ दाखविला. तो वर, किंचित पूर्वेकडे होता. सर्व काही सुरळीत. मग गुरू-शनीसाठी त्यांनी दुर्बीण पश्चिमेकडे वळविली. ती वळली, थांबली, आणि मुलांना पुढे बोलावण्याच्या आतच मोटार घरघरत सुटली. नळी आपल्याच लहरीने उत्तरेकडे फिरत चालली. मास्तरांनी कळ दाबली, ऐकेना. वीज काढली, पुन्हा जोडली, पुन्हा ग्रह शोधले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस त्यांचे हात थरथरत होते. तोवर ग्रह झाडांच्या शेंड्यांआड गेले. परतताना रांगेतून कोणीतरी म्हणाले, "मास्तरांना आता जमत नाही. वय झालं." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसावे. मास्तरांनी ते ऐकले. दुर्बीण त्यांनी पुसली, गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. ती पुन्हा खाली आली नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात ते गेले.

२०२५ च्या जून महिन्यात, पाऊस लागल्यावर, काकींनी आम्हांला बोलावून घेतले. माळा गळत होता, सामान हलवायचे होते. दुर्बिणीचे गाठोडे पुढे करून त्या म्हणाल्या, "दुरुस्त होत असेल तर मुलांसाठी घेऊन जा. नाहीतर भंगारवाल्याला देते." आणि मग थोड्या वेळाने, चहाचे कप उचलताना, "त्या दिवशी त्यांचंच काही चुकलं होतं का रे?"

हा दुसरा प्रश्न आमच्या कानांत राहिला. मुंबईतील एका दुकानात चौकशी केली, तर पूर्ण सर्किट बोर्ड बदला, असे उत्तर मिळाले. त्या नमुन्याचा बोर्ड आता निघतच नाही, हेही त्याच उत्तरात. बोर्ड बदलून यंत्र कदाचित चालले असते. काकींच्या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते. आम्ही ते यंत्र काकींच्याच ओटीवर मांडले. बाहेर पाऊस, आत टेबल. आकाश बंद असण्याचे हे चार महिने दुरुस्तीला फार सोयीचे असतात.

अशा कामाचा एक क्रम असतो. प्रथम वीज. मास्तरांचा बारा व्होल्टचा अडॅप्टर मल्टिमीटरवर १२.१ दाखवीत होता. पण रिकाम्या अडॅप्टरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. भार पडला की खरे रूप कळते. मोटारगाडीचा २१ वॅटचा दिवा त्याला जोडला, तो पावणेदोन अँपिअर ओढतो. आकडा ११.७ वर येऊन स्थिरावला. अडॅप्टर निर्दोष. मग बोर्डाचे झाकण काढले. आतल्या बाजूस मास्तरांच्या वळणदार अक्षरात कागदाची चिठ्ठी चिकटविलेली : '१२ व्होल्ट. मधला टोक अधिक. उलट जोडू नये.' बारा व्होल्टांतून पाच व्होल्ट काढून देणारी चिप ५.०२ देत होती. कपॅसिटरांपैकी एकाचेही डोके फुगलेले नव्हते. खाऱ्या वाऱ्याने तांब्यावर ठिकठिकाणी हिरवट थर धरला होता. तो मऊ ब्रश आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने काढला. समुद्रकाठच्या घरातील कोणतेही यंत्र उघडले की हा हिरवा पाहुणा आधी भेटतोच.

वीज जोडली. दोन्ही मोटारी शहाण्यासारख्या चालल्या. डावीकडे म्हणावे तर डावीकडे, थांब म्हणावे तर थांबत. एक तास गेला, दोन गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. यासारखी अडचण नाही! रोगी वैद्यासमोर ठणठणीत हिंडतो आणि घरी गेला की तापतो. जो बिघाड दिसत नाही तो दुरुस्त करता येत नाही. आधी तो घडवून आणावा लागतो. यंत्र कशामुळे पळत सुटते याचा तर्क आमच्याजवळ होता. कोठे, हे कळत नव्हते.

तो तर्क थोडक्यात असा. विहिरीत पोहरा सोडणारा माणूस दोरीच्या गाठी मोजतो. दहा गाठी गेल्या की थांबतो. त्याचा हात बधिर झाला आणि गाठी लागेनाशा झाल्या, तर पोहरा अजून उतरलाच नाही असे समजून तो दोरी सोडतच राहील. या बैठकीची मोटार तशीच चालते. तिच्या दांड्यावर खाचा पाडलेली एक लहान चकती असते. चकतीच्या एका बाजूस दिवा, दुसऱ्या बाजूस प्रकाश टिपणारे दोन डोळे. चकती फिरली की प्रकाश उघडतो-मिटतो, आणि त्या उघडझापीवरून बोर्ड फेरे मोजतो. दोन डोळे किंचित पुढेमागे बसविलेले असल्याने, आधी कोणता उघडला यावरून दिशाही कळते. याला एन्कोडर म्हणतात. दोघांपैकी एक डोळा जरी मुका झाला, तरी हिशेब पुढे सरकत नाही. मोटार हललीच नाही असे बोर्डाला वाटते, तो अधिक वीज सोडतो, आणि मोटार पूर्ण वेगाने धावत सुटते. कळ दाबणाऱ्याच्या हाती मग काही उरत नाही. बोर्डाला फक्त आपल्या गाठी ठाऊक.

दोन्ही मोटारी उघडल्या, चकत्या पाहिल्या. वंगण उडालेले नव्हते, धूळ नव्हती. दूरध्वनी केंद्रातल्या आमच्या मित्राने आपला जुना, काट्याचा मीटर आणला. आकडे दाखविणाऱ्या नव्या मीटरपेक्षा अशा कामी काटा बरा. त्याची हालचाल डोळ्यांना चटकन कळते. मोटारीचा दांडा बोटाने सावकाश फिरवावा, आणि काटा शून्यावरून पाचावर, पाचावरून शून्यावर यावा. चारही तारांवर तसेच घडत होते. येथे आम्ही अडलो.

वाट दाखविली ती मास्तरांनीच. काकींनी कपाटातून त्यांची वही आणून दिली. शाळेतली, दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या वेष्टनाची. प्रत्येक निरीक्षणाची तारीख, वेळ, काय पाहिले, कोठे पाहिले, कोण कोण आले होते. काही नोंदींच्या समासात पेन्सिलीने एक बारीक फुली होती. फुलीचा अर्थ कोठेही दिलेला नव्हता. आम्ही फुल्यांच्या नोंदी एका कागदावर उतरल्या आणि बिनफुलीच्या दुसऱ्या. जानेवारी २०२०, मृगातला तेजोमेघ, पूर्व : फुली नाही. मार्च २०२०, शुक्र, पश्चिम : फुली. ऑक्टोबर २०२०, मंगळ, पूर्व : फुली नाही. कोवळी चंद्रकोर, पश्चिम : फुली. एका फुलीखाली बारीक अक्षरात 'पुन्हा जोडले, चालले' असे होते. शेवटची नोंद २१ डिसेंबरची. मंगळापुढे काही नाही. गुरू-शनीपुढे एकाखाली एक अशा तीन फुल्या.

सातही दिवसांच्या फुल्या पश्चिमेकडच्या होत्या. आकाशाच्या पूर्वार्धातल्या एकाही नोंदीपुढे फुली नव्हती.

या जर्मन धाटणीच्या बैठकीचा एक स्वभाव आहे. एका बाजूस नळी आणि दुसऱ्या बाजूस तिला तोलणारी वजने असतात. पूर्वेकडचा तारा सोडून पश्चिमेकडचा पाहायचा, तर सारा डोलारा कूस बदलल्यासारखा अक्षाच्या दुसऱ्या बाजूस न्यावा लागतो. बोर्ड खालच्या, स्थिर भागात. एक मोटार त्याच्या शेजारी, पण दुसरी वरच्या, फिरत्या भागात. त्या दुसऱ्या मोटारीकडे जाणारी केबल प्रत्येक वेळी या वळणाबरोबर ओढली जाते. टेबलावर आम्ही मांडली होती ती नुसती बैठक. नळी नाही, वजने नाहीत, आणि केबल सैल पडलेली.

त्याच संध्याकाळी ओटीवर तिपाई उभारली, वजने चढविली, नळी बसविली. दुर्बीण पूर्वेच्या स्थितीत ठेवून वीज जोडली : शांत. मग खुंटी सैल करून हाताने अक्ष पश्चिमेच्या स्थितीत नेला. केबल ताठ झाली. मोटार घरघरत सुटली. आम्हां तिघांच्या तोंडून एकदम हर्षाचा उद्गार निघाला. आतून काकी धावत आल्या, त्यांना वाटले काही मोडले. बिघाड झाल्याचा आनंद त्यांना समजावून सांगणे जरा कठीण गेले.

पुढचे काम अर्ध्या तासाचे. केबल ताठ असताना मीटर लावला. दांडा फिरविला, तर एका डोळ्याची तार काट्याला हलवीत होती. दुसऱ्या डोळ्याची तार बोर्डावर पोचत नव्हती, काटा जागच्या जागी खिळलेला. केबल सैल करताच तोही हलू लागला. वीज काढून बोर्ड सोडविला आणि घड्याळजीच्या भिंगाखाली धरला. केबलची खाच ज्या सहा खिळ्यांनी बोर्डात रोवली होती, त्यांतल्या पाचव्या खिळ्याभोवती, चकचकीत सोल्डरमध्ये, केसाएवढी गोल भेग होती. खिळा जागेवरच दिसत होता. ओढ पडली की तो भेगेत वर सरकून अलग होई, ओढ संपली की पुन्हा टेकत असे. नुसत्या डोळ्यांना ती दिसणे शक्य नव्हते. सत्तरी उलटलेल्या माणसाला, रात्री, मैदानावर, तर मुळीच नाही.

काकींना भिंगातून ती भेग दाखविली. त्यांनी बराच वेळ पाहिली. "एवढीशी?" इतकेच बोलल्या.

नुसता डाग देऊन भागले असते, पण ओढ तशीच राहिली असती. कारखान्याने केबल आखूड दिली होती, रोगाचे मूळ तेथे. दूरचित्रवाणीवाला मित्र ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून नवी खाच आणि सहा तारांची लवचीक केबल घेऊन आला. खर्च चारशे रुपयांच्या आत. जुने सोल्डर शोषून काढले, खिळ्यांच्या जागा अल्कोहोलने स्वच्छ केल्या, राळेचा हात दिला आणि पंचवीस वॅटच्या इस्त्रीने नवे सोल्डर भरले. खिळा आणि तांबे दोन्ही तापल्यावरच सोल्डर टेकवावे, म्हणजे ते आपण होऊन पसरते. थंड खिळ्यावर थापलेले सोल्डर वरून जागा धरते आणि आतून पोकळ राहते. नवी केबल वीतभर लांब ठेवली, तिला सैल वळण दिले, आणि बैठकीच्या अंगाला अशी बांधली की, ओढ बांधलेल्या जागी पडावी, खाचेवर नव्हे. कोणाच्या घरी अशी बैठक असेल, तर त्यांनी निदान हे वळण पाहून घ्यावे. वीज चालू असताना मोटारीची केबल काढू-घालू नये, आणि पावसाळ्यात बैठक बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, हेही जाता जाता.

ओटीवर आम्ही पन्नास वेळा पूर्व-पश्चिम केली. एकदाही मोटार सुटली नाही. खरी कसोटी मैदानावर. ती २३ नोव्हेंबरला, ख्रिस्तराजाच्या सणाच्या संध्याकाळी घेतली. त्या सायंकाळी शनी पूर्वेच्या अंगाला चढत होता आणि तीन दिवसांची चंद्रकोर पश्चिमेस उतरत होती. मास्तरांच्या त्या संध्याकाळी मंगळ आणि गुरू-शनी जसे होते, जवळपास तशीच मांडणी. वाडीतल्या साऱ्या घरांना निरोप गेला होता. २०२० साली जी मुले रांगेत उभी होती, त्यांतली काही आता महाविद्यालयात आहेत, तीही आली.

शनी पाहून लहान मुले हिरमुसली. "कडी कुठे आहे?" असे जो तो विचारू लागला. कडी त्या आठवड्यात आपल्याकडे जवळजवळ धारेने वळलेली होती. २३ मार्चला पृथ्वीने तिचे प्रतल ओलांडले होते, आणि नोव्हेंबरअखेर ती पुन्हा अर्ध्या अंशाहूनही कमी झुकलेली. ग्रहाला आरपार सुई टोचावी तशी एक रेघ. दर पंधरा वर्षांच्या आसपास असे होते, असे सांगून त्यांची समजूत काढली. दोनतीन वर्षांत पुन्हा येऊन पाहा, असेही सांगितले.

मग दुर्बीण पश्चिमेकडे वळविली. ती कूस बदलत गेली, केबल वळणातून उलगडली, आणि नळी चंद्रकोरीवर येऊन थांबली. आम्ही तिघे मोटारीच्या आवाजाकडे कान लावून होतो. घड्याळाच्या टिकटिकीसारखा बारीक आवाज, इतकेच. चंद्र नजरेच्या मधोमध, पाच मिनिटांनीही तेथेच.

काकी खुर्ची घेऊन तिपाईच्या शेजारी बसल्या होत्या. चंद्र पाहायला वाकणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी सांगत, "तार तुटली होती आतून. तेव्हा. त्यांचं काही चुकलं नव्हतं." लहान मुलांनाही सांगत, ज्यांना त्यातले काहीच ठाऊक नव्हते. रांगेच्या शेवटी शेजारचे वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आले. त्यांनाही त्यांनी तेच सांगितले. ते क्षणभर थबकले, "हो का?" म्हणाले, काठी आमच्या हाती दिली आणि डोळा लावला.